बेसखालचा आवाज

आमच्या कामाला 'अंडरग्राउंड' म्हणतात हे मी एकदा चुकून आमच्या चुलत्यांना सांगितलं. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, रझाकारांचा काळ पाहिलेला, त्यामुळे आमच्या घरात भूमिगत या शब्दाला वजन आहे. चुलते म्हणाले, "कुणापासून लपायलास बे?" मी म्हणालो, कुणापासून नाही, या गाण्यांना गिऱ्हाईक कमी असतं म्हणून तसं म्हणतात. "मंग गिऱ्हाईक न्हाई असं सरळ म्हण की," ते म्हणाले आणि पेपर वाचू लागले.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी बीडजवळच्या नेकनूरला राहतो आणि डबस्टेप व ग्राइम या दोन प्रकारांची नवी गाणी तयार करून जगात सोडतो. दिवाळी अंकाच्या वाचकांना ही दोन्ही औषधांची नावं वाटण्याचा संभव आहे, म्हणून आधी उलगडा करतो. डबस्टेपचा वेग मिनिटाला एकशेचाळीस ठोक्यांच्या आसपास असतो, पण मुख्य ढोल निम्म्या वेगानंच पडतो. त्यामुळे गाणं एकाच वेळी पळतंय आणि चालतंय असं वाटतं. त्याच्या खाली जो बेस असतो तो कानाला कमी आणि छातीला, खिडकीच्या काचेला व मांडणीवरच्या ताटांना जास्त ऐकू येतो. ग्राइमचा वेग तोच, पण अंग खरबरीत. त्यावर एक माणूस न थांबता बोलत असतो, स्वतःची स्तुती करतो आणि दुसऱ्याला पाण्यात पाहतो. आपल्याकडे प्रचारसभेत होतं तेच, फक्त ठेक्यात.

दोन्ही प्रकार लंडनच्या कडेच्या वस्त्यांत जन्मले. मी पुण्याच्या पुढे गेलेलो नाही. पूर्वी मी साउंड सिस्टीमवर ऑपरेटर होतो. जयंतीच्या मिरवणुकीत बेसचे डबे, म्हणजे मोठे स्पीकर, रचून त्यांना धड बोलतं करायचं हे माझं काम. डबा फाटतोय का, म्हणजे मोठ्या आवाजाला चिरकतोय का, हे पाहायला गाणी लागतात. इंटरनेटवर तशी गाणी शोधता शोधता डबस्टेप सापडलं. बाकीच्या ऑपरेटरांनी त्यावर डबे तपासले आणि पुढे गेले. मी तिथंच राहिलो. का राहिलो ते मला आजही नीट सांगता येत नाही. इतका बेस आणि इतकी रिकामी जागा एकाच गाण्यात मी आधी ऐकली नव्हती, एवढंच.

ही गाणी आपल्या लोकांना ऐकवण्याचा प्रयत्न मी एकदा केला. चौसाळ्याचे अंकुशभाऊ साउंडवाले माझे जुने मालक. त्यांना मी म्हणालो, यंदा मिरवणुकीत माझं एक नवं गाणं वाजवू. अंकुशभाऊ धाडसी माणूस, वाजवलं. पोरं हात वर करून उभी राहिली. उभीच राहिली. थोड्या वेळानं एकानं गाडीवर चढून मला विचारलं, "भाऊ, गाणं कवा चालू व्हायचं?" मी म्हणालो, हेच गाणं. तो खाली उतरला आणि त्यानं बाकीच्यांना सांगितलं. मग सगळे शांतपणे चालू लागले. मिरवणूक कधी नव्हे ती वेळेत पोचली. बंदोबस्ताच्या साहेबांनी अंकुशभाऊंचा हात हातात घेऊन आभार मानले, आणि अंकुशभाऊंनी ते गाणं पुन्हा कधी लावू दिलं नाही.

तेव्हापासून माझं गिऱ्हाईक बाहेरचं. नवं गाणं शुक्रवारी इंटरनेटवर सोडायचं अशी आमच्यात पद्धत आहे. पण खरी गंमत त्याच्या आधीची. गाणं बाहेर येण्यापूर्वी त्याची एकेक खास प्रत एकेका डीजेसाठी बनते आणि त्या प्रतीत मधूनमधून त्या डीजेचं नाव पुकारलेलं असतं. मग ती प्रत दुसऱ्याला वाजवता येत नाही. वाजवली तर ऐकणाऱ्यांना कळतं की माल कुणाचा आहे. जयंतीला आपले साउंडवाले गाण्यात स्वतःचं नाव घालून घेतात, अगदी तसंच. लंडनच्या लोकांना ही युक्ती कुणी शिकवली माहीत नाही, चौसाळ्याला ती कुणाला शिकवावी लागली नाही.

हे नाव पुकारायला आवाज लागतो. तो आवाज माझ्या बायकोचा.

शीला अंगणवाडीत आहे. ती अंगणवाडीच्या दारातून हाक मारते तेव्हा तीन गल्ल्यांतली पोरं येतात आणि कधीकधी चौथ्या गल्लीतली एखादी शेळी. सुरुवातीला मी स्वतःच नाव पुकारत होतो, पण माझा आवाज पतपेढीच्या वसुली अधिकाऱ्यासारखा येत होता. एकदा शीला चहा घेऊन आली तेव्हा मी तिला माईकसमोर उभं केलं आणि म्हणालो, काहीतरी दमात बोल. ती म्हणाली, "बाजूला सरा, नेकनूर यायलंय." आमच्या प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला आजही हे वाक्य येतं. लंडनकडच्या ब्रिस्टल नावाच्या गावात पोरं ते वाक्य तिच्याबरोबर मोठ्यानं म्हणतात असा व्हिडिओ मला कुणीतरी पाठवला होता. शीलानं तो पाहिला आणि म्हणाली, "यातल्या एकाच्याबी अंगात स्वेटर न्हाई. थंडी दिसायली की."

त्या ब्रिस्टलचा टॉम हा आमचा सर्वांत जुना ग्राहक. ग्राइममध्ये एक रीत आहे. कुणाशी भांडण झालं की मारामारी करायची नाही, त्याच्यावर गाणं सोडायचं. टॉमचं एका दोस्ताशी बिनसलं आणि त्यानं मला लिहिलं की तुमच्या बाईंनी मराठीत त्याला चार शिव्या द्याव्यात, काय वाटेल ते घ्या. मी शीलाला सांगितलं. तिनं विचारलं, "त्यानं काय केलंय?"

मी म्हणालो, तुला काय करायचंय, तू बोल.

"असं कसं? चूक म्हाईत नसताना कुणाला कावून बोलू?"

मी टॉमला विचारलं. कळलं की त्या दोस्तानं टॉमनं बनवलेला ढोलाचा एक आवाज न विचारता स्वतःच्या गाण्यात वापरला होता. शीला माईकसमोर उभी राहिली आणि तिनं जे सुनावलं त्याचा आशय असा: मागितलं असतंस तर दिलं नसतं का, दुसऱ्याच्या मांडणीवरची वाटी उचलताना आवाज द्यावा माणसानं, आईनं हेच शिकवलं का. एकही शिवी नव्हती. गाणं सुटलं आणि फार गाजलं. आठवडा गेला नाही तोच त्या दोस्ताचा निरोप आला. त्याला काय बोललंय ते कळलं नव्हतं, पण आवाज आवडला होता. त्याला टॉमवर तसंच गाणं हवं होतं. शीला म्हणाली, "आता टॉमनं काय केलं ते इचारा." आम्ही दोघांचंही काम केलं. धंद्यात पक्षपात चालत नाही.

आता जे सांगायचं ते कळायला आमच्या कामाची एक रीत ठाऊक हवी. आम्ही माणसाचा आवाज आहे तसा कधी ठेवत नाही. माईकमधून आलेल्याला आम्ही कच्चा आवाज म्हणतो. मग तो कॉम्प्युटरवर शिजवायचा. आधी खालच्या पट्टीत ओढायचा, इतका की बाईचा आवाज विहिरीतल्या बाईसारखा व्हावा. मग त्यावर थोडी खरखर, थोडा घुमारा. शिजलेला आवाज गाण्यात बसला की कच्चा पुसून टाकायचा. एक तर जागा अडते. दुसरं म्हणजे कच्चा आवाज कुणाच्या हाती लागला तर तो त्यातून काहीही बनवू शकतो. म्हणून मी कच्चा आवाज त्याच दिवशी पुसत होतो. सकाळी अंगण झाडावं तसं ते रोजचं काम होतं. मला त्याचा थोडा अभिमानही होता, कारण या धंद्यातली पोरं फार पसारा करतात.

गेल्या वर्षी शीलाच्या गळ्याला गाठ आली. आधी तिनं ती पदराआड ठेवली, मग गिळताना अडू लागलं. बीडच्या डॉक्टरांनी पुढे पाठवलं, पुढच्यांनी तपासण्या केल्या. गाठ साधी होती, पण मोठी होती आणि काढावीच लागणार होती. डॉक्टरांनी कागदावर गळ्याचं चित्र काढून दाखवलं.

"आवाजाच्या नसा इथून, अगदी मागून जातात," ते म्हणाले. "आम्ही त्या जपतोच. पण गाठ त्यांना चिकटलेली दिसतेय. आवाज काही दिवस बसू शकतो. क्वचित कायमचा बदलतो."

मी विचारलं, "बदलला तर वरचा भाग जाईल का खालचा?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही काय करता?"

"साउंडमध्ये आहे."

"वरचा," ते म्हणाले. "मोठ्यानं हाक मारणं, वरच्या पट्टीत गाणं, ते अवघड होतं."

शीला कागदावरच्या चित्राकडे पाहत होती. ती म्हणाली, "मंग पोरं कशी यायची?"

डॉक्टरांना वाटलं ती घरच्या पोरांबद्दल विचारते आहे. ते म्हणाले, पोरं काय, येतील की भेटायला. मी त्यांना समजावलं नाही. 

घरी आल्यावर मी कॉम्प्युटर उघडला. शीलाचा आवाज नावाचा एक वेगळा कप्पा मी ठेवला आहे, त्यात शेकडो तुकडे आहेत. मी एकेक ऐकू लागलो. लीड्सच्या डीजेचं नाव पुकारणारी शीला, वॉर्साच्या डीजेचं नाव पुकारणारी शीला, बाजूला सरा म्हणणारी शीला. सगळ्या विहिरीतल्या. एकाही तुकड्यात माझी बायको नव्हती. मी एक तुकडा उलटा वर ओढून पाहिला, म्हणजे जितका खाली नेला होता तितकाच वर आणला. कॉम्प्युटरनं मला एका पत्र्याच्या बाईचा आवाज दिला. शिजलेला भात पुन्हा तांदूळ होत नाही हे मला कॉम्प्युटरनं सांगायची गरज नव्हती.

मग लग्नाची कॅसेट आठवली. ती मी केव्हाच कॉम्प्युटरवर घेतली होती. त्या काळी व्हिडिओवाले मूळ आवाज काढून वर सिनेमाची गाणी चढवत. शीला बुद्धवंदना म्हणते आहे, तिचे ओठ हलताना दिसतात, आणि मागे एक गायक हिमालयात प्रेयसीला हाका मारतो आहे. मोबाईलमध्ये पाहिलं. ती मला कधी आवाजी निरोप पाठवत नाही. एकाच घरात राहणाऱ्या माणसाला कशाला पाठवेल? जिल्ह्यात कुणाच्याही बायकोचा आवाज एवढ्या देशांत गेला नसेल, आणि घरात त्याचा एक धड नमुना नव्हता. मला स्वतःचा इतका राग आला की मी कीबोर्ड उचलला. मग खाली ठेवला, कारण टॉमचं काम त्यावरच व्हायचं होतं.

ऑपरेशनला अजून काही दिवस होते. मी शीलाला म्हणालो, जरा माईकवर बोल. ती उभी राहिली, खांदे मागे नेले आणि दमदार आवाजात म्हणाली, "बाजूला सरा."

"तसं नाही. साधं बोल."

"साधं काय बोलू?"

"काहीही. रोज बोलतेस तसं."

तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "नमस्कार." पुन्हा दमदारच. इतक्या वर्षांत मी तिला माईकसमोर साधं बोलूच दिलं नव्हतं. आता माईक दिसला की तिचा आवाज आपोआप गणवेश घालत होता.

मी दुसरा उपाय केला. स्वयंपाकघरात डब्याच्या मागे मोबाईल चालू करून ठेवला. संध्याकाळी ऐकलं तर कुकरच्या शिट्ट्या, नळ, आणि मधेच तिचं "मीठ कुठं गेलं". दुसऱ्या दिवशी तिनं डबा काढला आणि तिला मोबाईल सापडला. ती तो घेऊन माझ्या खोलीत आली.

"हे काय हाय? माझ्यावर टेप कावून लावायलाव?"

मी खरं ते सांगितलं.

"मी काय मरायला निघाले का? गाठ काढायची हाय, मला न्हाई काढायची."

"आवाज गेला तर?"

"गेला तर गेला. तुमाला काय, तुमच्याकडं पेटीभर हाय."

"त्यात तू नाहीस," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "त्यातला एकही तुझा नाही. सगळे मी बिघडवलेत."

तिनं मोबाईल माझ्या टेबलावर ठेवला. आमच्या घरात अशी भाषा फारशी होत नाही. मग ती म्हणाली, "उद्या अंगणवाडीत या. तिथं मला माईक बघत बसायला येळ नसतो."

दुसऱ्या दिवशी मी रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन अंगणवाडीत गेलो आणि कोपऱ्यात बसलो. शीलाचं खरं होतं. तिनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. अडचण एवढीच की पोरांनी पाहिलं. मशीनवरचा लाल दिवा पाहायला सगळी पलटण माझ्याभोवती जमली. माझ्या कानांवरचे हेडफोन दोघांनी ओढले. त्या दिवशी जे रेकॉर्डिंग झालं त्यात पोरंच पोरं आहेत आणि लांबून, दाराकडून, शीला समाधान नावाच्या पोराला भिंतीवरून खाली बोलावते आहे. "समाधान, उतर. समाधान, उतर बाळा. ये समाधाऽन." शेवटचा समाधान वर चढत जातो आणि सगळ्या गोंगाटावरून पलीकडे निघून जातो. पोरगं उतरल्याचाही आवाज आहे. पोरांचा कल्ला कमी करून तिचा आवाज वर काढता येईल, तेवढं तंत्र मला येतं. मी ते केलेलं नाही. मी त्या रेकॉर्डिंगला हात लावलेला नाही.

ऑपरेशन झालं. गाठ निघाली आणि जीव सुखरूप राहिला, त्यापुढे बाकीचं लहान आहे, हे मी आधीच म्हणून टाकतो, कारण शीलाही हेच म्हणते. काही दिवस तिला बोलायचं नव्हतं. ती खुणा करायची आणि मला त्या कळायच्या नाहीत. तिनं ताकाची खूण केली की मी औषध आणायचो. अंकुशभाऊ पेरू घेऊन भेटायला आले आणि तिला बोलता येत नाही म्हणून तेही गप्प बसले. दोघांनी तासभर एकमेकांना मान हलवून दाखवली.

मग आवाज आला. पहिला शब्द "पाणी". मी जवळ होतो म्हणून ऐकला. तो खाली होता. खरखरीत होता. शब्दाच्या शेवटी हवा सुटत होती. डॉक्टर म्हणाले, सुधारेल. थोडा सुधारला, हवा सुटायची थांबली, पण पट्टी वर गेली नाही. महिन्यांमागून महिने गेले तसं आम्हाला कळलं की आवाज आता इथंच राहणार. मी बरोब्बर ओळखत होतो की तो कुठं थांबलाय. इतकी वर्षं कॉम्प्युटरवर मी त्याला जिथं ओढून नेत होतो, त्याच पट्टीत. मी तिला हे सांगितलं नाही. पण ती मला ओळखून आहे. एकदा पोळी वाढताना म्हणाली, "आता तुमचं काम वाचलं." आणि हसली. मला हसू आलं नाही.

ती अंगणवाडीत पुन्हा जाऊ लागली. मी एक छोटा स्पीकर आणि कानाला लावायचा माईक आणून दिला, तो तिनं पहिल्याच दिवशी परत आणला. पोरं स्पीकरशी बोलायची, तिच्याशी नाही. आता ती हाक मारत नाही. एकेकाच्या जवळ जाते आणि हात धरून आणते. घरी येते तेव्हा तिचे पाय सुजलेले असतात. मी पाय चेपायला घेतले की म्हणते, "चौथ्या गल्लीची शेळी मातर आता यायना." आम्ही दोघं त्या शेळीबद्दल बराच वेळ बोलतो.

टॉमला या काळात मी जुने तुकडे जोडून गाणी दिली. मग त्याच्या नव्या गाण्याला नवं वाक्य हवं झालं. शीला म्हणाली, करू. माईकसमोर उभी राहिली, खांदे मागे नेले आणि बोलली. मी ते कॉम्प्युटरवर घेतलं आणि सवयीनं पट्टी खाली ओढायला गेलो. ओढायला खाली जागाच नव्हती. मी काही न करता तो आवाज तसाच गाण्यात ठेवला. कच्चा. गाणं शुक्रवारी सुटलं.

टॉमनं लिहिलं, आजवरचं तुमचं सर्वांत उत्तम काम, आवाजावर या वेळी कोणतं सेटिंग वापरलं? मी लिहिलं, काहीच नाही, तिचा आवाज आहे तसा आहे. त्यानं हसण्याची तीन चित्रं पाठवली. त्याला वाटलं मी धंद्यातलं गुपित सांगत नाही.

कुणालाच फरक कळला नाही. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता, कारण कारागिरीची याहून मोठी पावती नसते. मला वाईट वाटलं, आणि ते मी इथं सरळ लिहितो, कारण तिकडे कुणाला लिहून उपयोग नाही.

या अंकाचं लिहायला बसण्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी दिवाळीतल्या नव्या गाण्यावर काम करत होतो. हेडफोन काढून जरा डोळे मिटले होते. मागून तोच खोल, खरखरीत आवाज आला. मला वाटलं गाणं चालूच राहिलंय. मी उठलो आणि स्पीकर बंद करायला बटण चाचपू लागलो. बटण बंदच होतं. दुसरा स्पीकर पाहिला, तोही बंद. मी वायर हातात धरून तसाच उभा राहिलो.

शीला दारात होती.

"काय हुडकायलाव?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, काही नाही.